गेम बॉय, १९८९चं मॉडेल: जरूर घ्या, पण त्याची स्क्रीन बदलू नका

जुना गेम बॉय, म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचं हातात धरून खेळायचं व्हिडिओ गेमचं यंत्र, घ्यावा का, आणि घेतलाच तर त्यात हल्ली मिळते ती नवी झगझगीत स्क्रीन बसवून घ्यावी का? टोक्योत राहते म्हणून हे दोन प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतात, दिवाळीला घरी जायचे दिवस जवळ आले की जास्तच. पहिल्याचं उत्तर हो, बिनधास्त घ्या. दुसऱ्याचं उत्तर नाही. या दुसऱ्या उत्तरावरून माझे मित्रमंडळींशी बरेच वाद झालेत, म्हणून ते सविस्तर लिहिते.

मी बोलतेय ते पहिलं, राखाडी, जाडजूड मॉडेल. निन्टेन्डोनं ते २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये १२,५०० येनला बाजारात आणलं. सांगलीत माझ्या लहानपणी मी ते कुणाच्याही हातात पाहिलं नाही. आमच्याकडे पोचला तो ब्रिक गेम. खोक्यावर हजारो गेम असल्याचं छापलेलं आणि आत निघायचे मोजकेच. दादाचा होता तो, आणि रात्रीची जेवणं आटोपली की मग माझी पाळी यायची. त्यातले पडणारे ठोकळे ज्या टेट्रिसवरून आले, तो अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला आणि गेम बॉयनं तो घरोघरी नेला. अमेरिकेत तर गेम बॉयच्या खोक्यातच टेट्रिसची कॅसेट सोबत मिळायची. ज्यांनी ब्रिक गेम खेळलाय त्यांचे अंगठे या यंत्रावर दोन मिनिटांत रुळतात.

सेल घालून वजन साधारण ३०० ग्रॅम भरतं. खिशात ठेवायची वस्तू नव्हे ही, पण दोन्ही हातांत धरलं की घट्ट बसतं. डावीकडचं अधिकच्या चिन्हाचं बटण निन्टेन्डोचे डिझायनर गुनपेई योकोई यांनी आधी १९८२च्या डाँकी काँग गेम अँड वॉचसाठी केलेलं; गेम अँड वॉच ही निन्टेन्डोची त्याआधीची, एकेकच गेम असलेली छोटी यंत्रं. उजवीकडची दोन लालसर जांभळी बटणं अंगठ्याच्या वळणाप्रमाणे तिरपी बसवलीत, आणि खालची स्टार्ट-सिलेक्टची रबरी बटणंही तिरपीच.

मला सगळ्यात आवडतो तो वरचा खटका. कॅसेट मागून आत सरकवायची आणि खटका उजवीकडे सारायचा. त्यासरशी प्लास्टिकची एक छोटी जीभ सरकून कॅसेटच्या कोपऱ्यातल्या खाचेत बसते. आता गेम चालू असेपर्यंत कॅसेट उपसून निघत नाही. स्प्रिंग नाही, कुलूप नाही, नुसता प्लास्टिकचा एक तुकडा, आणि लहान मुलाच्या हातून होणारा मोठा घोळ टळला! माझ्या मुलीनं पहिल्या दिवशी कॅसेट ओढून पाहिलीच, ती हलली नाही.

खटका सारला की निन्टेन्डोचं नाव वरून सावकाश खाली उतरतं आणि टिंग वाजतं. हा नुसता थाट नाही. यंत्र कॅसेटमध्ये साठवलेला लोगो वाचतं, स्वतःकडच्या लोगोशी ताडून पाहतं, आणि जुळला नाही तर तिथेच थांबतं. जुनी वस्तू घेताना याचा फार उपयोग होतो. नावाच्या जागी काळी पट्टी उतरली, तर यंत्राला कॅसेट दिसतच नाहीये. अक्षरं तुटकी आली, तर संपर्काच्या पट्ट्यांवर मळ आहे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसा, बहुतेकदा एवढ्यानं काम होतं. फुंकर मात्र मारू नका. आपण सगळे त्याच सवयीत वाढलो, पण फुंकरीतल्या ओलाव्यानं धातू गंजतो.

आता स्क्रीन. १६० बाय १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या चार छटा, मागून उजेड नाही. अंधारात काहीही दिसत नाही, ऐन उन्हात मात्र मोबाईलपेक्षा छान दिसतं. डाव्या कडेला कॉन्ट्रास्टची चकती आहे, ती हाताशी असू द्या, कारण जागा बदलली की ती थोडी फिरवावी लागते. वेगानं सरकणाऱ्या वस्तूमागे पुसट सावली राहते. हे सगळं १९८९ मध्येही लोकांना दिसत होतंच. अटारीचा लिंक्स त्याच वर्षी रंगीत स्क्रीन घेऊन आला. १९९० मध्ये सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत, मागून उजेड असलेला. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर १५ तास आरामात चालतो. पालकांच्या खिशाला कोणतं परवडलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

योकोई यांचं धोरणच तसं होतं: मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र उचलायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं. शिंकान्सेन या जपानी बुलेट ट्रेनमध्ये एक नोकरदार माणूस वेळ घालवायला कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला त्यांनी पाहिला, त्यातून गेम अँड वॉच सुचला. गेम बॉयची स्क्रीनही त्याच विचारातून आली. सेल टिकायला हवेत, किंमत आवाक्यात हवी, आणि हातातून पडलं तरी चालायला हवं.

म्हणून मी म्हणते, स्क्रीन बदलू नका. तेव्हाच्या कलाकारांनी चित्रं काढली ती याच स्क्रीनवर पाहून. चार छटांत कुठली कडा गडद ठेवायची, कुठे मोकळं सोडायचं, हे त्यांनी या मंद हिरव्यावर ठरवलं. काही गेममध्ये एखादी वस्तू एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला लपवायची, अशी युक्ती आहे. मूळ स्क्रीन संथ असल्यामुळे डोळ्यांना ती अर्धपारदर्शक सावली वाटते. नव्या चपळ स्क्रीनवर तीच सावली नुसती फडफडते. शिवाय नवी स्क्रीन सेल भराभर खाते, आणि बऱ्याच किटसाठी आतलं प्लास्टिक कापावं लागतं, जे परत जोडता येत नाही. डोळ्यांना खरोखर त्रास होत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी खिडकीशी बसा, किंवा दिवा खांद्यामागून येईल असा लावा. अर्ध्या तासात नजर सरावते.

माझं यंत्र मी ‘जंक’ म्हणून विकायला ठेवलेल्या टोपलीतून घेतलं, सहा हजार येनच्या आत. जंक म्हणजे दुकानदार कसलीही हमी देत नाही, वस्तू परतही घेत नाही. माझ्या स्क्रीनवर उभ्या तीन रेघा गायब होत्या. हा या मॉडेलचा ठरलेला आजार: स्क्रीनच्या खालच्या कडेला जी पातळ पट्टी चिकटवलेली असते तिची पकड सुटते. सोल्डरिंग आयर्न कमी तापवून त्या पट्टीवरून सावकाश फिरवलं की रेघा परत येतात. नवऱ्यानं आयर्न धरलं, मी गेम चालू ठेवून बघत बसले, आणि एकेक रेघ उजळत गेली. आडव्या रेघा गेलेल्या असतील तर मात्र ते यंत्र सोडून द्या, ती दुरुस्ती अवघड आहे. आणि उघडून पाहायचं असेल तर आधी तीन पाकळ्यांच्या स्क्रूचा पेचकस आणा.

जपानी कॅसेट जगातल्या कुठल्याही गेम बॉयवर चालते. भारतात नेणाऱ्यांसाठी हे सोयीचं आहे, पण मजकूर जपानी असतो हे ध्यानात ठेवा. टेट्रिसला त्यानं फरक पडत नाही. पोकेमॉनला पडतो. १९९६च्या लाल आणि हिरव्या पोकेमॉनचा मजकूर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली किचकट अक्षरं, टाळून हिरागाना-काताकाना या सोप्या लिप्यांत आहे, कारण इतक्या कमी ठिपक्यांत कांजी वाचताच येत नाही. मुलगी पहिलीत असताना तिच्या वाचनाचा सराव यावर झाला, शाळेच्या वहीपेक्षा जास्त उत्साहानं. अशा कॅसेटमध्ये खेळ साठवायला आत एक बटण सेल डकवलेला असतो. इतक्या वर्षांत तो बहुधा संपलेलाच असतो. विकणाऱ्याला विचारून घ्या, नाहीतर बदलायची तयारी ठेवा.

बहुतेक सुट्या कॅसेटसोबत माहितीपुस्तिका मिळत नाही, आणि इथे जुनी मासिकं कामाला येतात. तोकुमा शोतेन या प्रकाशनाचं ‘फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन’ १९८५ मध्ये सुरू झालं, ‘फामित्सू’ १९८६ मध्ये. नकाशे, कुठल्या बटणानं काय होतं, पुढची पातळी कशी गाठायची, सगळं त्यांत सापडतं. पहिल्या मासिकातल्या युक्त्यांमध्ये एखाददुसरी मुद्दाम खोटी पेरलेली असायची, ती वाचकांनी ओळखायची. मुलीला हा प्रकार गेमइतकाच आवडलाय. प्रत्येक युक्ती ती यंत्रावर करून बघते आणि मग निकाल देते. ‘फामित्सू’ची पद्धत वेगळी: चार समीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, झेल्डा मालिकेतल्या ओकारिना ऑफ टाइम या गेमला. चौघांचं एकमत क्वचितच, आणि एकाच गेमला एकानं नऊ, दुसऱ्यानं पाच दिलेले पाहिले की त्या पानावर बराच वेळ जातो.

हे अंक मी टोक्योतल्या नाकानो ब्रॉडवे या बाजारसंकुलातून, मांदाराके या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणते. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत बंद, आणि फाटलेलं, कापलेलं काही असेल तर चिठ्ठीवर तसं लिहिलेलं. भारतात नेणार असाल तर पिनांचा गंज बघून घ्या. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो कागदात पसरतो. माझ्याकडच्या एका अंकात येणाऱ्या गेमच्या तारखांच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं दोन गोल केलेत, आणि एक नंतर खोडलाय. तो अंक मी तेवढ्यासाठीच घेतला.

सुरुवात टेट्रिस आणि १९८९च्याच सुपर मारिओ लँडनं करा, दोन्ही कॅसेट इथे सहज सापडतात. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून जास्त विकले गेलेत, त्यामुळे वस्तू दुर्मीळ आहे असं सांगून कुणी भाव चढवू लागला तर पुढच्या दुकानात जा. खोक्यासकट घ्यायचा मोह आवरा, पैसे पुठ्ठ्याचे जातात. त्या पैशात दुसरा गेम बॉय आणि जोडायची वायर घ्या. टेट्रिस दोघांत खेळताना आपण एकदम फोडलेल्या ओळी समोरच्याच्या तळाशी उगवतात, आणि घरातली शांतता तिथेच संपते. वायर घेताना मोठ्या टोकाची, पहिल्या मॉडेलची मागा. गेम बॉय पॉकेट आणि कलरच्या वायरीचं टोक लहान असतं, ते यात बसत नाही.