कोल्टर की ग्लास, मरणाच्या दारातून परतल्याची कुणाची गोष्ट जास्त थरारक?

दोघेही अमेरिकेत मिझुरी नदीच्या खोऱ्यात बीव्हर या फरवाल्या प्राण्यासाठी सापळे लावत फिरणारे. 1808 च्या सुमारास ब्लॅकफूट या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी जॉन कोल्टरला नागवं करून पळायला लावलं. एका पाठलाग करणाऱ्याला त्याने त्याच्याच भाल्याने मारलं, मग नदीत अडकलेल्या लाकडांखाली लपला आणि अनवाणी चालत काही दिवसांनी व्यापारी ठाण्यावर पोचला. निदान चालता तरी येत होतं!

ह्यू ग्लासचं तेही नशीब नव्हतं. 1823 मध्ये ग्रिझली अस्वलिणीने त्याला फाडलं. राखणीला ठेवलेले दोघे, तो मरणारच असं समजून, त्याची बंदूक घेऊन सटकले. फोर्ट कायोवा हे व्यापारी ठाणं 300 किलोमीटरहून दूर. तो सरपटत निघाला. लांडग्यांनी मारलेल्या बायसनच्या वासराचं मांसही त्याने खाल्लं म्हणतात. (ही हकीकत 1825 मध्ये दुसऱ्याने छापली, तेव्हा मीठमसाला असणारच.)

सूडाच्या बाबतीत मात्र ग्लासच गुंतवून ठेवतो. कोल्टर परक्या मुलखात घुसलेला, त्याने कुणावर राग धरायचा? ग्लासला आपल्याच माणसांनी टाकलं होतं. तरी दोघांतल्या पोरसवद्याला, बहुधा जिम ब्रिजरला, त्याने माफ केलं. दुसरा, फिट्झगेराल्ड, तोवर सैन्यात भरती झालेला, त्याला हात लावणं शक्य नव्हतं, म्हणून ग्लास फक्त बंदूक परत घेऊन निघाला.