उंदराच्या आतड्याच्या स्लाइड्स करून हव्या असतील तर (पाचपैकी चार तारे)

मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय. विषय: क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आणि विस्टार (प्रयोगशाळेत वापरतात त्या जातीच्या) उंदरांचं आतडं. वाळवीला मारतात तेच औषध, डब्यावर पिवळा त्रिकोण असलेलं. आमच्या विभागातला मायक्रोटोम (पातळ काप काढायचं यंत्र) कायमचा आजारी, म्हणून स्लाइड्सचं काम या लॅबला दिलं.

यकृत, मूत्रपिंड कुणीही बऱ्यापैकी कापून देतं. आतड्याचं तसं नाही. प्राणी गेला की काही मिनिटांतच ते आतून विरघळायला लागतं, व्हिलायच्या (आतल्या अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांच्या) टोकाच्या पेशी सुटतात, आणि कीटकनाशकाने झालेली इजाही बरीचशी तशीच दिसते. सेक्शन, म्हणजे पातळ काप, तिरका गेला की व्हिलाय आखूड भासतात. औषध पाजलेल्या गटात आपण शोधत असतो तेही हेच! आधीच्या एका ठिकाणाहून आलेल्या कंट्रोलच्या, म्हणजे औषध न पाजलेल्या उंदरांच्या, स्लाइड्स बघून सरांनी विचारलं होतं, "यांनाही पाजलंत की काय?"

इथल्या तंत्रज्ञ काकांचा पहिलाच प्रश्न, "फॉर्मॅलिन आतून सोडलंय की नुसतं बुडवलंय?" फॉर्मॅलिन म्हणजे हे विरघळणं थांबवणारं द्रावण; आतून सोडलं तर ते अस्तरापर्यंत लगेच पोचतं. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. मेणात बसवताना ते प्रत्येक तुकडा चिमट्याने उभा धरतात, भिंगातून बघतात आणि मगच ब्लॉक थंड करतात. 5 मायक्रॉनचे सेक्शन. कंट्रोलमध्ये व्हिलाय बुडापासून टोकापर्यंत सलग, क्रिप्ट्स (व्हिलायच्या बुडाशी असलेले खळगे) सरळ उभ्या. अल्शियन ब्लू या रंगात गॉब्लेट पेशी (चिकट स्राव बनवणाऱ्या) इतक्या स्वच्छ निळ्या की मोजताना वाद नाही. आता पाजलेल्या गटात काही वेगळं दिसलं तर ते औषधाचं, असं निदान म्हणता तरी येतं.

एक मात्र लक्षात घ्या. क्लोरपायरीफॉस ॲसिटिलकोलिनएस्टरेज (नसांचा संदेश वेळेवर थांबवणारं एन्झाइम) अडवतं, त्यामुळे मोठ्या मात्रेत जुलाब लागतात. पण फ्रान्समधल्या प्रयोगात उंदरांना किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम एवढ्याच मात्रेने आतड्यातल्या जिवाणूंचं गणित बिघडलं होतं. तो बिघाड स्लाइडवर दिसत नाही आणि जिवाणूंची तपासणी ही लॅब करत नाही. त्यासाठी विष्ठेचे नमुने वेगळे गोठवून ठेवा.

एक तारा कापला तो लेबलांमुळे. 'कोलन' (मोठं आतडं) लिहिलेल्या स्लाइडवर छान उंच व्हिलाय! कोलनला व्हिलाय असतात का हो? काकांनी हसत बदलून दिली, पण लेबलं लिहिणारा मुलगा बहुतेक फोनवरच असतो. गणपतीत तर काम साफ ठप्प होतं, तारीख मागून घ्या. पक्कं बिलही आधीच सांगा, फेलोशिपच्या हिशेबाला कच्ची पावती चालत नाही. आणि ब्लॉक्स परत मागा, नाहीतर तिथेच राहतात.