टॉप थ्रिल: केबलचा झटका की चुंबकांचे तीन धक्के?

अमेरिकेतल्या ओहायोच्या सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानातला २००३ चा रोलर कोस्टर 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबाने झेप घेणारा होता. केबलने खेचलेली गाडी सुमारे ४ सेकंदांत ताशी १९३ किमी वेग गाठायची. तो झटका अजोडच! पण केबल झिजायची आणि जोर किंचित कमी पडला की गाडी १२८ मीटरचं शिखर न ओलांडता मागे घसरायची. ती थांबवायला ट्रॅकवरचे ब्रेक वर यायचे.

२०२४ च्या 'टॉप थ्रिल २'मध्ये केबलच नाही. चुंबकी मोटरी ताशी ११९, १६३ आणि १९३ किमी असे टप्प्याटप्प्याने वेग देतात. सुरुवातीचा दणका मवाळ, मात्र मागच्या उभ्या मनोऱ्यावर जमिनीकडे तोंड करून लटकणं विलक्षण! शंका होती झांपेर्ला या राइड बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या गाड्यांवर. ती खरी ठरली: मे २०२४ मध्ये काही दिवसांतच राइड बंद पडली आणि २०२५ मध्ये परतली.

निव्वळ झटक्यासाठी जुनीच सरस.