ट्रॉमाचं ट्रेनिंग: आधी ईएमडीआर की प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर?

एमए-एमफिल झालंय, प्रॅक्टिस थोडी बसलीये, ट्रॉमाचं, म्हणजे मानसिक आघाताचं, काम नीट शिकायचंय पण पैसे आणि सुट्ट्या एकाच ट्रेनिंगपुरत्या आहेत, तर ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करवत आघाताच्या आठवणींवर काम करणारी थेरपी) घेऊ की प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, म्हणजे पीई (टाळलेल्या आठवणींना आणि गोष्टींना हळूहळू सामोरं जायला लावणारी थेरपी), असं ज्युनियर थेरपिस्ट मंडळी बरेचदा विचारतात. मी दोन्ही शिकलोय आणि वापरलंय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

पुराव्यावरून फार डोकं शिणवू नका. डब्ल्यूएचओने 2013 मध्ये मोठ्यांच्या पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर दोन्ही सुचवलंय, आणि पीई त्या सीबीटीच्याच घरातलं. उलट कागदावर मला एडना फोआंनी विकसित केलेलं पीईच जास्त स्वच्छ वाटतं, साधारण 8 ते 15 सेशन, बहुतेक दीड तासाची, आणि टाळत राहिलं की भीती टिकते हे क्लायंटलाही लगेच पटतं. ईएमडीआरमध्ये डोळ्यांच्या हालचालींनी नेमकं काय होतं यावर ही पद्धत काढणाऱ्या फ्रान्सिन शपिरोंचा पेपर 1989 ला आला तेव्हापासून वाद चालूच आहे.

माझं गाडं अडलं ते होमवर्कवर. पीईमध्ये क्लायंट डोळे मिटून घडलेला प्रसंग आत्ता घडतोय असा सांगतो, ते रेकॉर्ड होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. आता डोंबिवलीतल्या वन आरकेत सासूबाई समोर बसल्यात, पोरगा त्याच फोनवर गेम खेळतोय, तिथे एखादी बाई स्वतःवरच्या अत्याचाराचं स्वतःच्याच आवाजातलं रेकॉर्डिंग कुठे बसून ऐकणार? हेडफोन लावले तरी रडू फुटलं तर जायचं कुठे, आणि ती फाइल नवऱ्याने उघडली तर? मग पुढच्या वेळी "नाही जमलं हो सर" म्हणत मान खाली घालून बसतात, आधीच स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला आपण दोष द्यायला अजून एक कारण दिलेलं असतं, आणि हे मला फार लागायचं. पर्याय काढता येतात, क्लिनिकमध्येच लवकर येऊन ऐका वगैरे, पण रोज कोण येणार?

ईएमडीआरमध्ये मुख्य काम माझ्यासमोरच होतं. सगळा तपशील तोंडाने सांगायची सक्ती नसते, घरी फार तर मनात काय वर आलं ते दोन ओळीत लिहायचं आणि शांत जागेचा (मनात एखादी शांत जागा आणून स्वतःला सावरण्याचा) सराव करायचा. ज्या गोष्टी आपल्याकडे आईलाही सांगत नाहीत त्यांच्यासाठी हे मला मोठं वाटतं. तयारीच्या टप्प्याला मात्र वेळ लागतो, तिथे घाई नको.

तुमच्याकडे जास्त करून पॅनिक, फोबिया, ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती) येत असेल तर गोष्ट वेगळी, मग एक्सपोजर आधी पक्कं करा, बंद लिफ्ट आणि गर्दीची लोकल यांना दुसरा इलाज मला तरी सापडलेला नाही. क्लायंटना घरी स्वतंत्र खोली असेल तर पीईसुद्धा सुंदर चालतं. पण ट्रॉमा आणि आपली घरं हे दोन्ही धरलं तर मी आधी ईएमडीआर घ्या म्हणेन. फक्त बेसिक ट्रेनिंगसोबतचे कन्सल्टेशनचे तास (अनुभवी थेरपिस्टसोबत आपल्या केसेसची चर्चा) उरकून टाकू नका, सेशनच्या मध्येच क्लायंट डिसोसिएट झाला, म्हणजे त्याचं आजूबाजूचं भान सुटलं, की तिथे शिकलेलंच कामी येतं.