डॉसचा प्रोग्राम 'कन्व्हर्ट करून देतो' म्हणणाऱ्याने आम्हाला १८ हजाराला घातलं

काकांचं बेळगावला मार्केट यार्डात बटाटा-रताळ्याचं अडत दुकान आहे, आणि शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) अजून १९९६ साली एका पोराने क्लिपरमध्ये (डॉसच्या काळातली प्रोग्रामिंगची भाषा) लिहून दिलेल्या प्रोग्रामवरच निघायची. निळी स्क्रीन, माउस नाही, खरं काका न बघता हमाली तोलाई अडत सगळं टाकत जातात. विंडोज ७ चा जुना ३२ बिटवाला कॉम्प्युटर बसला, नवीन विंडोज ११ चा घेतला, तर प्रोग्राम उघडेचना, 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी' एवढंच.

कुणाच्या तरी ओळखीने एक जण आला, मराठी कन्नड दोन्ही फाडफाड. म्हणाला व्हायरस आहे, सगळा कोड ६४ बिटमध्ये कन्व्हर्ट करायला लागणार, ३० हजार, त्यातले १८ आधी. व्हायरस-बियरस काही नव्हतं हो. डॉसचे १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. आणि मुख्य म्हणजे त्याने सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला कोड, मागितलाच नाही! तो असतो पीआरजी फायलीत, त्या बघितल्याशिवाय कोड कन्व्हर्ट कसला करणार? मी तिथं असतो तर तिथंच उठवला असता.

चार दिवसांनी आला, डेस्कटॉपवर दुकानाच्या नावाचा आयकॉन, क्लिक केलं की फुल स्क्रीन तीच निळी स्क्रीन. काका एवढे खूश की वर अर्धा किलो कुंदा दिला त्याला.

दुसऱ्या दिवशी पट्टी प्रिंट होईना. फोन केला तर 'प्रिंटिंगचं मॉड्युल वेगळं, १२ हजार'.

गणपतीला मी घरी गेलो आणि सवयीने ऑल्ट एंटर दाबलं तर खिडकी लहान झाली आणि वरच्या पट्टीत लिहिलेलं, डॉसबॉक्स ०.७४, सीपीयू स्पीड ३००० सायकल्स. म्हणजे नवीन विंडोजवर डॉसचे जुने गेम खेळायला लोक फुकट उतरवून घेतात ते! कॉन्फिग फाइल उघडली तर शेवटी ऑटोएक्झेकखाली फोल्डर जोडायची माउंटची एक ओळ आणि आमच्या प्रोग्रामचं नाव, हेच ते कन्व्हर्जन. त्या साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरची सोयच नाही, मग पट्टी येणार कुठनं. आणि जाताना डीबीएफचं, म्हणजे डेटाच्या फायलींचं, अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन गेलाय, कुणाची किती उचल सगळं त्यात, पैशापेक्षा मला तेच जास्त लागलं.

तुमच्याकडे असलं कोण आलं तर आधी विचारा सोर्स पाहिजे का, आणि 'झालं' म्हणाला की पैसे द्यायच्या आधी ऑल्ट एंटर दाबून बघा. डेटा बघायला कुणाची गरज नाही, डीबीएफ लिब्रेऑफिसमध्ये सरळ उघडते. आमच्या पीआरजी नशिबाने जुन्या हार्डडिस्कवर सापडल्या, आता हार्बर म्हणून फुकटचा कंपायलर आहे, क्लिपरचाच कोड घेतो आणि विंडोजवर सरळ चालणारी एक्सई फाइल देतो, त्यात माझं चाललंय रात्री बसून. तोवर काका पट्टी हातानं लिहितात, ऐन रताळ्याच्या सीझनला.

त्याला पैसे परत मागितले तर म्हणतो, प्रोग्राम चालतोय की, मग कसले पैसे.