वजनकाटा आधी, तारीख नंतर: डोंबिवलीतला मांजरांचा दवाखाना

पिल्लू न बघताच नसबंदीची तारीख देणाऱ्या दवाखान्यात जाऊ नका. डोंबिवली पूर्वेच्या ज्या दवाखान्याबद्दल मी लिहितेय, तिथल्या डॉक्टर मॅडमनी मला फोनवर तारीख द्यायला साफ नकार दिला. "आधी घेऊन या. वजन करू, तोंड उघडून बघू, मग ठरवू." दवाखान्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि माझं तिथे अजून येणंजाणं आहे.

मी घरी ब्लाउज शिवते. मनी आमच्या सोसायटीची, पण व्यायला मात्र माझ्याच माळ्यावर, अस्तराच्या गठ्ठ्यांत आली. तीन पिल्लं झाली: टिकली आणि हूक या दोन भाट्या, आणि बॉबिन हा बोका. पिल्लं जराशी मोठी झाल्यावर सल्ले सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "एकदा तरी आई होऊ दे गं तिला, शाप लागतो." दुसऱ्या एका दवाखान्याने फोनवर सांगितलं, सहा महिने पूर्ण होऊ द्या, एक माज जाऊ द्या, मग आणा.

मॅडमनी तिघांचे ओठ वर करून दात बघितले. पुढचे दुधाचे दात पडून नवे येत होते, म्हणजे वय साडेतीन ते चार महिने. टिकली १ किलो ८०० ग्रॅम भरली, बॉबिन दोन किलोच्या वर, हूक दीड किलोलाही पोचली नव्हती. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं, आणि माझ्या मते त्यांच्या फीचे खरे पैसे तिथेच वसूल झाले.

मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकतं. माजावर आलेली मांजरी आठवडाभर लोळते, घसा बसेपर्यंत ओरडते, आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. भाऊ-बहीण असलं त्यांना काही कळत नाही. गाभण राहिली की साधारण ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं. मांजरांचा माज दिवसाच्या उजेडावर चालतो. थंड देशांत हिवाळ्यात तो थांबतो, पण आपल्याकडे डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो, आणि माझ्या घरात तर मशीनवरची ट्यूब रात्री अकरापर्यंत जळते. म्हणजे सुट्टीचा हंगाम धरून चालायचंच नाही.

एक माज जाऊ देण्याने तब्येतीला काही फायदा होतो का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, उलटंच आहे. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कॅन्सरचा धोका ९१ टक्क्यांनी कमी दिसला, वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी, आणि दोन वर्षांनंतर केलं तर तो फायदा राहिलाच नाही. मांजरीला अशी गाठ आली की ती बहुतेक वेळा कॅन्सरचीच निघते. २०१६ मध्ये तिकडच्या पशुवैद्यांच्या एका गटाने पाच महिन्यांच्या आत नसबंदी करा असं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेनेही त्याला पाठिंबा दिला. प्राण्यांच्या आश्रयगृहांत तर दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांचीही करतात. बोक्याची लवकर केली तर लघवीची नळी बारीक राहते अशी भीती मला कोणीतरी घातली होती. तीही अभ्यासांत खरी ठरलेली नाही, हाडं मात्र किंचित लांब वाढतात. बॉबिन आता सगळ्यांत उंच आहे खरा.

मग लहानांची सरसकट दोन महिन्यांचीच का नाही करत? मॅडमचं म्हणणं, आश्रयगृहाला पिल्लू एकदाच हातात मिळतं, त्यांची अडचण वेगळी. घरच्या पिल्लाचे लसीचे डोस पुरे होऊ द्यायला वेळ असतो. म्हणून लस, जंताचं औषध, आणि मग चौथा महिना. काकूंच्या शापाबद्दल त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पुढच्या पाच पिल्लांना घर कोण देणार? काकूंना मी हे येऊन सांगितलं. त्या अजून माझ्यावर थोड्या रुसलेल्या आहेत.

हूकला त्या दिवशी घेतलं नाही. मी म्हटलं, मॅडम, एकदाच उरकून टाका ना, रिक्षाचं भाडं वाचेल. कमी वजनावर त्यांचा आक्षेपच नव्हता, तेवढ्या वजनातही ऑपरेशन होतं. पण ती तपासणीच्या टेबलावर दोनदा शिंकली होती आणि एका डोळ्यातून पाणी येत होतं. सर्दी असलेल्या पिल्लाला भूल द्यायची नाही, शिंका थांबल्यावर दोन आठवडे जाऊ देऊ, म्हणाल्या. तोवर बॉबिनचं काय? त्याची आताच होणार होती. मोठ्या बोक्याचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे बीज शिल्लक राहू शकतं, इतक्या लहान वयात तो प्रश्न येत नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना काम पुढे ढकलणारा माणूस मला आवडतो. घाईत कापलेलं कापड परत जोडता येत नाही.

आता तक्रार. फोन उचलणारा मुलगा सगळ्यांना एकच सांगतो: रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही. मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कागदात मात्र होतं की पिल्लांना पहाटे थोडं खायला द्या, पाणी समोर राहू द्या. मी पुन्हा फोन करून थेट मॅडमना मागितलं. त्यांचं उत्तर: मोठ्या मांजराला जास्त वेळ उपाशी ठेवलेलं चालतं, पण एवढ्याशा जिवाची साखर झपाट्याने उतरते, दोन ते चार तासांपेक्षा जास्त नको. हा फरक जिवावर बेतू शकतो. त्या मुलाच्या टेबलावर तो कागद चिकटवायला काय हरकत आहे?

ऑपरेशनच्या खोलीत आपल्याला जाऊ देत नाहीत, काचेतून दिसतं. लहान पिल्लं भुलीत गार पडतात, म्हणून रबरी हातमोज्यांत गरम पाणी भरून, ते टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवले होते. बॉबिनचं काम मी चहा संपवायच्या आत झालं. त्याला टाकाच नाही! बोक्याची ती बारीक जखम उघडीच ठेवतात, आपोआप भरते. मला ते पटायला वेळ लागला, कारण उघडी शिवण मी कोणाला देणार नाही. टिकलीच्या डाव्या कुशीवर मात्र दोन बोटांएवढी जागा भादरून छोटा छेद घेतला होता. टाके आतून, विरघळणारे, वरून दोरा दिसत नाही. तुरपाई मी रोज करते, त्यामुळे सांगते, हात सफाईदार आहे.

दुखण्याचं औषध थेंबांनी, वजनावर मोजून दिलं. चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं होतं: क्रोसिन, पॅरासिटामॉल देऊ नये. मांजराला ते विष आहे, हे आपल्याकडे किती घरांत माहीत असेल? संध्याकाळी दोघं जेवली, दुसऱ्या दिवशी टिकली मशीनवर चढली. पिल्लं लवकर सावरतात हे खरंच, फक्त त्यांना आठवडाभर उड्या मारू द्यायच्या नाहीत हे त्यांना कोण सांगणार.

दवाखान्यात मिळणारी प्लॅस्टिकची कॉलर घेऊ नका. तीनशे रुपयांची ती पिल्लाला मोठी पडते, पाणी पिताना वाटीत बुडते. मी जुन्या होजियरी टी-शर्टचं चार पायांना भोकं ठेवून झबलं शिवलं, पाठीवर नाड्या. मॅडमना ते इतकं आवडलं की आता त्यांच्याकडूनच मला झबल्यांची ऑर्डर येते. हे वाचताना तेवढं लक्षात ठेवा.

खर्च: टिकलीचे ४,५००, बॉबिनचे २,५००, औषधं धरून. बिलावर एकच रकमेचा आकडा, खाली काही फोड नाही. मागितल्यावर दिली, पण मागावी का लागावी? यापेक्षा कमीत हवं असेल तर धर्मादाय दवाखाने आहेत. परळचं १८८३ सालचं बाई साकरबाई रुग्णालय, ज्याला सगळे बैलघोडा म्हणतात, तिकडे जाणारे आमच्या ओळखीत आहेत. मला टोपलीत तीन पिल्लं घेऊन डोंबिवलीहून परळ गाठणं जमलं नसतं.

मनीचं दूध आटल्यावर तिचंही इथेच केलं. पिल्लांना पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून वाट फार बघायची नाही. ती बाहेर फिरणारी, म्हणून भुलीतच डाव्या कानाचं टोक कापलं, म्हणजे कोणी पुन्हा पकडून नेणार नाही. एक मात्र बघा, नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते. बॉबिनची वाटी मी आता हात राखूनच भरते.

हूकचं शिंका थांबल्यावर झालं. मधल्या तपासणीचे पैसे घेतले नाहीत. पाचात चार देते, एक त्या फोनवरच्या मुलापायी कापला. गेलात तर सकाळी दहाच्या आत जा. बसायची जागा कुत्र्यामांजरांना एकच आहे, अकरानंतर लशीला आलेले लॅब्रॅडोर दारातच भेटतात. टोपलीवर टाकायला जाड चादर न्या.