अरबी बोलणाऱ्या तरुणांसाठी: ट्रेल मेकिंग की कलर ट्रेल्स?

मस्कतमध्ये महाविद्यालयीन मुलामुलींसाठी एक्झिक्युटिव्ह फंक्शनच्या (लक्ष वळवणं, नियोजन करणं अशा मेंदूच्या नियंत्रक क्षमतांच्या) चाचण्या अरबीत बसवताना ट्रेल मेकिंग आणि कलर ट्रेल्स या दोन्ही मी वापरून पाहिल्या. दोन्हींत कागदावर विखुरलेली वर्तुळं ठरलेल्या क्रमाने रेघेने जोडायची असतात, आणि त्याला लागलेला वेळ मोजतात. आता थेट निवडीकडे येतो.

ट्रेल मेकिंगचं पारडं आधी जडच वाटतं. १९४४च्या अमेरिकी सैन्याच्या चाचणीसंचातून आलेली, प्रताधिकारमुक्त, आणि तुलनेला संशोधन भरपूर. ‘अ’ भागात नुसते आकडे ओळीने जोडायचे, तिथे मला काहीच अडचण आली नाही.

अडलं ते ‘ब’ भागात. १३ आकडे आणि १२ अक्षरं आळीपाळीने जोडायची, पण अक्षरं कोणत्या क्रमाने? अरबीत दोन क्रम नांदतात. शब्दकोशातला हिजाई: अलिफ, बा, ता, था. मुद्द्यांना क्रम देताना अबजदी: अलिफ, बा, जीम, दाल. मी हिजाई ठरवला, तसं बजावलंही, तरी ‘बा’पाशी काही जण थबकायचे. एक मुलगी थेट ‘जीम’कडे गेली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिथे गेलेल्या सेकंदांचा अर्थ काय लावायचा? आकड्यावरून अक्षरावर येताना ती चुकली नव्हती. तिला दोन्ही क्रम पाठ होते, एवढंच. घड्याळाला हा फरक कळत नाही, आणि आपण मोजतो ते घड्याळच. शिवाय बा, ता, था यांचा आकार एकच, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे टिंबांचा. अरबी एक आणि अलिफ दोन्ही उभ्या रेघा. तिथे अलिफवर हमझा ही छोटी खूण देऊन भागलं, क्रमाचं मात्र काही करता आलं नाही.

१९९६ची कलर ट्रेल्स अक्षरांना हातच लावत नाही. दुसऱ्या भागात १ ते २५ आकडे ओळीने जोडायचे, वर्तुळांचा रंग गुलाबी आणि पिवळा आलटून पालटून. सूचना खुणांनीही देता येतात. उणीव आहेच: चाचणीचे छापील कागद विकत घ्यावे लागतात, आणि मोजणी एकच पुढे सरकत असल्याने दोन मालिका डोक्यात धरण्याचा ताण इथे तसा नाही. अमेरिकी प्रमाणकंही (गुण ताडून पाहायचे तिथल्या लोकांचे सरासरी आकडे) जशीच्या तशी उचलू नयेत, असं माझं मत.

जुन्या अभ्यासांशी थेट तुलना हवीच असेल तर कदाचित ट्रेल मेकिंग सोडू नये. मग सरावाआधी ठरलेला क्रम मोठ्याने म्हणवून घ्या आणि अहवालात तो नोंदवा. मी मात्र पुढच्या गटाला कलर ट्रेल्स दिली. ‘कोणता क्रम, सर?’ असं त्यानंतर कुणी विचारलं नाही.